डोकं गोल नसतं

समोर माणूस आला की आमचे मास्तर आधी त्याच्या डोक्याकडे बघायचे. तोंडाकडे नंतर, वेळ उरला तर. उजवा डोळा बारीक करायचा, हात पुढे करून अंगठा आणि करंगळी हवेत ताणायची, त्या वितीतून समोरच्याचं कपाळ न्याहाळायचं आणि मान हलवत म्हणायचं, "डोकं गोल नसतं, वहिनी. लोकांचा उगाच गैरसमज आहे."

वहिनी म्हणजे मी. पन्नास सालानंतरचे ते दिवस. चिंचवड स्टेशनाजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये टोप्या शिवायचा कारखाना होता. माझे यजमान खडकीला नोकरीवर जायचे आणि मी त्या शेडमध्ये मशिनवर बसायची. मास्तर तिथले कटर, म्हणजे टोपीचा फर्मा काढणारे.

आता तुम्ही म्हणाल, टोपीला कसला आलाय फर्मा? तर एखादी टोपी उसवून बघा. डोक्यावर जी घुमटासारखी फुगलेली दिसते ती उसवली की चटईवर सपाट पडते. एक लांबट माथा, एक वाकडी पट्टी, एक काठ. नाहीतर लिंबाच्या फोडींसारख्या कळ्या. हे सपाट तुकडे आधी कागदावर काढायचे, मग पुठ्ठ्यावर. शिवणीच्या आत जाणारं जादा कापड, म्हणजे माया, तीही आधीच धरायची. आणि एवढं करून ते तुकडे जोडले की आत माणसाचं डोकं मावलं पाहिजे. पट्टी सरळ कापली तर डब्याचं झाकण तयार होतं. तिला नेमका बाक द्यावा लागतो. तो बाक मास्तरांच्या हातात होता, आणि आहे हे त्यांना पुरेपूर माहीत होतं. नम्रपणा त्यांच्याकडे औषधालाही नव्हता.

सगळ्या चिंचवडची डोकी त्यांनी नजरेनं मापून ठेवली होती. पोस्टमन म्हणजे कांदा, तोही शेंडीकडून वर ओढलेला. भाजीवाला मागून चपटा. "लहानपणी आईनं कूस बदलली नाही याची." आमचे शेठ म्हणजे पपई. माझ्याबद्दल मी एकदा हौसेनं विचारलं. मास्तरांनी वीत ताणली, बघितलं आणि म्हणाले, "साधारण." घरी जाऊन मी हे यजमानांना सांगितलं, तर ते जेवता जेवता इतके हसले की त्यांना ठसका लागला.

शेठ सिंधमधून आलेले. पिंपरीच्या कॅम्पात त्यांचं बिऱ्हाड होतं. त्यांचे सासरे वारले तेव्हा मास्तर मयताला गेले. परत आले ते फार उदास. बराच वेळ कात्रीला हात लावला नाही. मी विचारलं, "फार ओळख होती का?"

"ओळख कसली? पहिल्यांदाच पाहिलं. पण काय सुबक डोकं होतं, वहिनी! आणि जन्मात एकही हॅट न घालता गेलं."

हॅट हा शब्द ते असा उच्चारायचे की आपण उभं राहावंसं वाटे. पुण्याच्या कॅम्पात साहेबांच्या हॅटा करणाऱ्या दुकानात त्यांचं तारुण्य गेलं होतं. फेल्टच्या, उन्हात घालायच्या हलक्या भेंडाच्या, मडमांच्या फुलं लावलेल्या. पुढे साहेब बोटीत बसून गेले, त्यांच्याबरोबर त्यांची डोकी गेली, आणि मास्तर आमच्याकडे आले. आमच्याकडे काय शिवलं जायचं? काळ्या टोप्या, पांढऱ्या टोप्या, शाळेच्या टोप्या. पांढऱ्या घडीच्या टोपीचा तर त्यांना मनस्वी राग. "दोन पट्ट्या जोडल्या आणि इस्त्री फिरवली. ही टोपी आहे की पाकीट?" असं ते म्हणायचे, पण दारात कुणी पुढारी नाही ना, हे बघून. स्वतः मात्र डोक्यावर करड्या फेल्टची जुनी हॅट घालायचे. धोतर, बंद गळ्याचा कोट आणि वर ती हॅट. चिंचवडची कुत्रीसुद्धा पहिले काही दिवस त्यांच्यावर भुंकली, मग त्यांनीही नाद सोडला.

फर्म्याचा पहिला कागद म्हणजे शेठचं वर्तमानपत्र. शेठ सकाळी येऊन चहा मागवायचे, चष्मा पुसायचे, पेपर उघडायचे, आणि पेपरच्या मधोमध त्यांना पलीकडची भिंत दिसायची.

"मास्तर, मी बातमी वाचू की भोक?"

"भोक वाचा, शेठ. भोक नवीन आहे, बातमी कालचीच आहे."

शेठ रागवायचे, पण मास्तरांना काढायचे नाहीत. त्यांच्या हातचा बाक दुसऱ्या कुणाला जमत नव्हता.

मास्तरांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "फर्मा बरोबर आहे." काही झालं तरी फर्मा बरोबर असायचा. एकदा लग्नाच्या मोसमासाठी एका बँडवाल्यांनी झुबकेदार टोप्या करायला सांगितल्या. मापं द्यायला सगळे बँडवाले आले ते नेमके न्हाव्याकडून, डोकी पार भादरून. मास्तरांनी मापं घेतली, फर्मा काढला, टोप्या झाल्या. मोसम सुरू होईपर्यंत त्यांचे केस वाढले. पहिल्याच वरातीत क्लॅरनेटवाल्यानं वरचा सूर लावला तशी त्याची टोपी हळूहळू वर चढली, ढोलवाल्यानं टिपरू हाणलं तशी त्याची उडून घोड्यापुढे पडली, आणि नवरदेवाचा घोडा तिच्यावर पाय ठेवून उभा राहिला तो हलेना. बँडमास्तर दुसऱ्या दिवशी भांडायला आले. आमच्या मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"फर्मा बरोबर आहे," ते म्हणाले. "डोकी बदलली."

असा हा माणूस. लग्न केलेलं नव्हतं. शेडच्या मागे एक खोली, जेवायला खानावळ. माझ्या यजमानांनी एकदा विचारलं तर म्हणाले, "राहून गेलं." छत्री राहून जाते तसं.

अशात पिंपरीच्या माळावर औषधाचा एक नवा कारखाना उभा राहिला. बाटल्या भरायला, लेबलं लावायला बायका घेणार होते, आणि त्या बायकांना टोप्या लागणार होत्या. नमुन्याचं काम आमच्या शेठना मिळालं. कारखान्याच्या सुपरवायझरबाई स्वतः आल्या. पांढरी पाचवारी, मनगटावर घड्याळ, बोलणं मोजकं. म्हणाल्या, "एक केससुद्धा बाहेर दिसता कामा नये. औषधाच्या बाटलीत केस गेला तर काय होईल?" नमुना म्हणून त्यांनी परदेशातल्या कामगार बायकांचं एक चित्र आणलं होतं. डोक्यावर छोटीशी, गोल, ताठ टोपी.

मास्तरांचे डोळे ते चित्र बघून पाणावले. "माथा आहे, वहिनी. पट्टी आहे. बाक आहे." कितीतरी वर्षांनी त्यांच्या वाट्याला घडी नसलेली वस्तू आली होती. ते शीळ घालत फर्मा काढायला बसले. मांजरपाटात एक कच्ची टोपी शिवून झाली, मग पांढऱ्या कापडात पक्क्या झाल्या. दिसायला इतक्या देखण्या की आम्ही मशिनवाल्या बायका त्या मांडीवर घेऊन बघत होतो.

निवडलेल्या बायकांना घेऊन सुपरवायझरबाई आमच्या शेडमध्ये आल्या. बऱ्याचशा आसपासच्या गावांतल्या, नऊवारी नेसलेल्या, डोक्यावरचा पदर दातात धरलेल्या. त्यांच्यात सगळ्यांत पुढे होती ती आकुर्डीची हौसाबाई. वय चाळिशीच्या आतबाहेर, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, भावाच्या घरी राहायची. भावाच्या शेतात राबायची, आणि भावजय भाकरी वाढताना एकदा हिच्याकडे आणि एकदा भाकरीकडे बघायची. हे तिनंच मला सांगितलं, गळा वगैरे न काढता. "म्हणून वैनी, ही नोकरी मला पायजेच. माजी भाकर मी खानार, तिच्याकडं कुनी बगनार न्हाई."

हौसाबाईनं पदर मागे सारला आणि मास्तरांच्या ओठांवरची शीळ थांबली. नारळाएवढा अंबाडा. काळाभोर, तेल लावून घट्ट बसवलेला. त्या परदेशी चित्रातल्या बायकांचे केस कानापर्यंत कापलेले होते, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

तिनं टोपी घातली. म्हणजे कपाळ आणि अंबाडा यांच्यामध्ये जी जागा उरली तिथे ठेवली. मग तिची सुपारी खाली पडली म्हणून ती वाकली, तशी टोपीनं मागून उडी घेतली आणि माझ्या बॉबिनच्या डब्यात येऊन पडली.

"मास्तर," हौसाबाई म्हणाली, "ही बसली न्हाई. ही नुस्ती टेकली व्हती."

बाकीच्या बायकांचंही तेच. कुणाची पुढे घसरून डोळ्यांवर आली, कुणाची वर उचलली गेली. सुपरवायझरबाईंनी घड्याळाकडे बघितलं. त्या वाईट नव्हत्या, पण त्यांचाही इलाज नव्हता. "टोपी नीट बसल्याशिवाय मला कुणालाच कामावर घेता येणार नाही," त्या म्हणाल्या. "बाटल्या भरायचा विभाग सुरू व्हायच्या आत करून द्या. नाहीतर मला कापलेल्या केसांच्या मुली पुण्याहून आणाव्या लागतील."

"मंग आमी क्यास कापायचं व्हय?" हौसाबाईनं विचारलं.

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हनायचं काय ऱ्हायलंय?"

मागची एक पोर मुसमुसायला लागली. सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर भिंतीकडे बघत होते. "फर्मा बरोबर आहे," ते भिंतीला म्हणाले, पण भिंतीलाही ते पटलेलं दिसलं नाही.

आता खरी अडचण अशी होती की मास्तरांनी आयुष्यात बाईच्या डोक्याला हात लावला नव्हता. कॅम्पातल्या दुकानात मडमांची मापं मालकाची बायको घ्यायची. इथे तर नऊवारीतल्या, पदर घेतलेल्या परक्या बायका. म्हणून मास्तरांनी काय करावं? बाजारातून एक तांबडा भोपळा आणला, त्याला मागून सुतळीनं एक नारळ बांधला आणि त्या मूर्तीसमोर वीत ताणून बसले. तेवढ्यात शेठ आले. भोपळ्याच्या डोक्यावर टोपी, खडूनं काढलेलं कपाळ, मागे नारळ.

"मास्तर, हे कोण?"

"गिऱ्हाईक," मास्तर म्हणाले.

भोपळ्यावर टोपी चपखल बसली. हौसाबाईवर बसली नाही. भोपळा अर्थातच मान हलवत नाही. त्यानंतर बरेच दिवस मास्तरांच्या खानावळीत भोपळ्याची भाजी होती म्हणतात.

शेवटी मी म्हटलं, "मापं मी घेते. तुम्ही सांगा कुठून कुठपर्यंत." हे त्यांना मानवलं. फक्त ते माप घेताना तोंड भिंतीकडे करून उभे राहायचे आणि पाठमोरे हुकूम सोडायचे. "कपाळापासून मानेपर्यंत! आता कानावरून, अंबाड्याला वळसा! टेप ढिली नको!" मी आकडे सांगायची, ते भिंतीला कागद लावून लिहायचे. हौसाबाई स्टुलावर बसून हा खेळ बघत होती. तिला राहवेना.

"मास्तर, डोस्कं हितं हाय. भितीला काय इचारताय?"

मास्तरांचे कान मागूनसुद्धा लाल झालेले दिसले.

त्या मापांवर दुसरी टोपी झाली. ती मोठी झाली, इतकी की हौसाबाईच्या खांद्यांना टेकली. तिच्या आतून आवाज आला, "दिवा लावा कुनीतरी." सगळ्या बायका हसल्या. शेठसुद्धा हसले. विभाग सुरू व्हायला फार दिवस उरले नव्हते आणि मास्तरांचा तोल गेला.

"फर्मा बरोबर आहे!" ते ओरडले. या वेळी भिंतीकडे नाही, सरळ हौसाबाईकडे बघून. "मी मुद्दाम तुमच्यासाठी माया जास्त ठेवली! कुणासाठी ठेवली नव्हती एवढी माया ठेवली! फर्म्यात काही चूक नाही! तुमचं डोकंच..."

हौसाबाईनं टोपी काढली. बिचारीला धंद्यातला शब्द काय माहीत? ती डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत राहिली.

"माजं डोस्कं काय?" ती हळू आवाजात म्हणाली. "पुरं बोला की."

मास्तरांनी हातातली कात्री उघडली आणि मिटली. आम्ही सगळ्यांनी मशीनं थांबवली होती. त्यांनी एवढ्या वर्षांत कुणाच्या तोंडावर त्याच्या डोक्याबद्दल कधी गोड शब्द काढला नव्हता.

"...चांगलं आहे," मास्तर म्हणाले.

आणि पाणी प्यायला म्हणून जे बाहेर गेले ते बराच वेळ आले नाहीत. स्टेशनावर पाणी होतं, विहिरीवर पाणी होतं, आमच्या माठातही होतं. कुठलं प्यायला गेले कोण जाणे.

मी हौसाबाईला माया म्हणजे काय ते समजावून सांगितलं. शिवणीच्या आत दडवलेलं जादा कापड, पुढेमागे टोपी सैल करावी लागली तर उपयोगी पडणारं. तिनं नीट ऐकून घेतलं. "आसं व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं..." आणि काय वाटलं ते न सांगता पदर सारखा करून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली, सकाळीच. मास्तर टेबलाशी वाकून बसलेले. तिनं पहिली, छोटी, देखणी टोपी उचलली, माझी कात्री घेतली आणि टोपीच्या मागच्या बाजूला कराकरा एक मोठी खाप पाडली.

मास्तर एवढ्या जोरात किंचाळले की बाहेर टांग्याचा घोडा बिचकला. "कापली! माझी पट्टी कापली!"

"कापली," हौसाबाई म्हणाली. "अंबाड्याला भायेर याया वाट नगं व्हय?" टोपी डोक्यावर चढवून तिनं त्या खापेतून अंबाडा बाहेर काढला. कपाळावर टोपी घट्ट बसली होती. वाकली, उठली, मान गदागदा हलवली. टोपी जागची हलली नाही.

"पण अंबाडा उघडा राहिला," मास्तर म्हणाले. ओरडून नाही. त्यांचा उजवा डोळा बारीक झाला होता. "बाईंना एक केस दिसलेला चालत नाही."

"मंग त्येला पिशवी शिवा. त्ये काम तुमचं."

मास्तर उठले. माप घेताना पहिल्यांदाच त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही. हौसाबाईच्या भोवती सावकाश एक प्रदक्षिणा घातली आणि मग शेठचा न उघडलेला पेपर ओढून बसले. पट्टीला मागे अर्धा चंद्र कापला. त्या चंद्राला जोडायला एक मोठा, पसरट तुकडा काढला, त्याला चुण्या धरल्या, खालून नाडी ओवायला जागा ठेवली. अंबाडा लहान असो, मोठा असो, वर असो, खाली असो, नाडी ओढली की पिशवी आवळली. कागदावर तो फर्मा एखाद्या वटवाघळासारखा दिसत होता. "भलताच कुरूप फर्मा आहे," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि पुन्हा पुन्हा त्यावरून हात फिरवत होते.

सुपरवायझरबाई आल्या. सगळ्या बायकांनी टोप्या घातल्या, वाकल्या, उठल्या, माना हलवल्या. जणू कवायत. बाईंनी एकेकीच्या मानेमागून बोट फिरवून बघितलं. एक केस सापडला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसलं.

"छान. कुणी काढला हा फर्मा?"

मी आणि शेठ एकमेकांकडे बघून मनातल्या मनात तयार झालो. आता मास्तर छाती पुढे काढणार, साहेब सांगणार, कॅम्प सांगणार. मास्तरांनी घसा खाकरला.

"आम्ही दोघांनी," ते म्हणाले.

शेठ मला नंतर म्हणाले, "मास्तरला ताप आहे काय, बघा."

बायका कामावर लागल्या. पहिल्या दिवशी टोपीवरून पदर घेऊन गेल्या, त्यामुळे प्रत्येकीच्या डोक्यावर एकेक टेकडी निघाल्यासारखी दिसत होती. रस्त्यातली टवाळ पोरं ओरडली, "टोपीवाल्या आल्या!" हौसाबाई थांबली आणि त्यातल्या मोठ्याला म्हणाली, "तुज्या बापाला इचार, त्येची टोपी नाडी ओढून बसती का." पुढे कुणी ओरडलं नाही.

खरं म्हणजे इथे आमचा आणि हौसाबाईचा संबंध संपायला हवा होता. पण सुट्टीच्या दिवशी ती शेडवर यायला लागली. आमची सुट्टी वेगळ्या वारी, त्यामुळे शेड तेव्हा चालू असायची. टोपी सैल झालीय म्हणायची. मास्तर टोपी उलटसुलट करून बघायचे, एक टाका घालायचे. पुढच्या सुट्टीला टोपी घट्ट झालीय म्हणायची. मास्तर तोच टाका उसवायचे. मधल्या वेळात ती कारखान्यातल्या गमती सांगायची आणि मास्तर कॅम्पातल्या मडमांच्या. ती येणार त्या दिवशी मास्तर कोटाला ब्रश मारायचे. मी तोंडात दोरा धरून गप्प मशीन चालवायची. तुम्हीसुद्धा तेच केलं असतं.

एका सुट्टीला तिनं टोपी टेबलावर ठेवली आणि सरळ म्हणाली, "मास्तर, टोपी बसतीया. मलाबी ठावं हाय आन् तुमालाबी ठावं हाय. आता फुडं काय?"

मास्तर गोंधळले. "पुढे?" ते म्हणाले. "पुढे... पुढे काठ लावता येईल."

मी मशीन थांबवलं. "मास्तर!" मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. डोक्यावरची फेल्टची हॅट काढली. ती काढलेली मी तोवर पाहिली नव्हती. खाली टक्कल होतं, आणि त्यावर घामाचे थेंब. "तुमच्या भावाला भेटायला कधी येऊ?" ते म्हणाले.

आकुर्डीला मी, माझे यजमान आणि मास्तर असे गेलो. वाटेत यजमानांनी त्यांना बजावलं होतं, काही झालं तरी डोक्याकडे बघायचं नाही. हौसाबाईचा भाऊ मुंडासं काढून ओट्यावर बसला होता. मास्तर दोन घोट चहा प्याले तोवर धीर धरून होते. मग त्यांचा उजवा डोळा बारीक झाला.

"पाव्हनं," भाऊ म्हणाला, "माज्या डोस्क्यावर पाल हाय का?"

यजमानांनी कपाळाला हात लावला. "नाही, नाही," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "कपाळ बघत होतो. बहिणीचं तसंच भावाचं. फार थोरलं कपाळ आहे तुमच्या घराण्याचं."

भावानं आपलं कपाळ चाचपून बघितलं. एवढं बरं कुणी त्याच्याबद्दल बोललं नसावं, कारण तो जरा सैलावला. तरी म्हणाला, "पर शेताकडं कोन बगनार? आन् ह्ये टोप्या शिवनारं..." भावजय आतून म्हणाली, "जाऊ द्या की. तिचं तिला कळतंय." तिला एक भाकरी वाचत होती. शेवटी हौसाबाईच बाहेर आली. "दादा, मी सांगाया हुबी हाय, इचाराया न्हाई." मग भाऊ हसला, आणि जातीगोतीचं, रीतीरिवाजाचं जे काही बोलायचं होतं ते माझ्या यजमानांनी सांभाळून घेतलं.

त्यांच्यात विधवेचं पुन्हा लग्न होतं, म्हणजे पाट लागतो, तसा तो साधेपणानं लागला. नवऱ्यानं फेटा बांधायचा होता. मास्तरांना फेटा म्हणजे फर्मा नाही, शिवण नाही, नुसता गुंडाळलेला गोंधळ. भावानं तीनतीनदा बांधून दिला आणि तीनतीनदा तो घसरून मास्तरांच्या नाकावर आला. भाऊ वैतागला. हौसाबाई खाली मान घालून बसलेली, ती पदराआडून म्हणाली, "दादा, त्येंचं डोस्कं गोल न्हाई." मास्तर एवढे हसले की फेटा पुरताच सुटला आणि पाट उघड्या डोक्यानं लागला.

दोघांनी आकुर्डीच्या वाटेवर एक खोली घेतली. हौसाबाईला कारखान्यातून आणायला मास्तरांनी एक जुनी सायकल आणली. चालवता येत नव्हती. माळावर शिकायला लागले. हौसाबाई मागून सीट धरून पळायची आणि मास्तर पुढे "सोडू नका, सोडू नका" ओरडत बाभळीत जायचे. कितीतरी दिवस हे चाललं. एक दिवस कोपर सोलून घेऊन ते धुळीत बसलेले असताना हौसाबाई म्हणाली, "सरका. मी बगते." नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला होताच. एवढे दिवस सायकलीमागे पळून तिला तोल कसा सांभाळायचा ते कळून गेलं होतं. ती चढली आणि माळाच्या टोकापर्यंत जाऊन परत आली.

त्यानंतर आम्ही रोज जे बघत असू ते तुम्ही नुसतं डोळ्यांसमोर आणा. सकाळी पिंपरीच्या रस्त्याला हौसाबाई सायकल हाणतेय आणि मागे कॅरिअरवर मास्तर, एका बाजूला दोन्ही पाय सोडून, मांडीवर जेवणाचे डबे, डोक्यावर हॅट, चेहरा एखाद्या लाटसाहेबासारखा. चिंचवडला ते उतरायचे, ती पुढे जायची. एका बाजूला ते बसायचे म्हणून सायकल तिकडे कलायची आणि ती दुसरीकडे अंग झुकवून ती सरळ ठेवायची. लोक हसायचे. मास्तर हॅट काढून लोकांना नमस्कार करायचे. मी एकदा त्यांना म्हटलं, "मास्तर, लाज नाही वाटत?" तर म्हणाले, "वहिनी, गाडीवान असा मिळायला नशीब लागतं."

पुढे यजमानांना खडकीला क्वार्टर मिळाली आणि आम्ही चिंचवड सोडलं. मास्तरांची भेट मग क्वचित व्हायची. एका उन्हाळ्यात त्यांना कावीळ झाली आणि त्यातच ते गेले. मला कळलं तेव्हा दिवस होऊन गेले होते. मी आकुर्डीला जाऊन आले. हौसाबाईनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. रडली थोडी, पण त्यांच्या आजारातल्या गमतीच जास्त सांगितल्या. डॉक्टरांनी त्यांची जीभ बघायला मान वाकवली, तर हे डॉक्टरांच्या टाळूकडे बघून म्हणाले म्हणे, "मधे जरा खोलगट आहे."

त्यानंतर एकदा मी बसनं तळेगावला माहेरी निघाले होते. सकाळची वेळ. पिंपरीच्या जरा पुढे बस थांबली होती, माणसं चढत होती. समोरून नऊवारीतली एक बाई सायकलवर येताना दिसली. हौसाबाई. मी खिडकीतून हात काढून हाक मारली. तिनं बघितलं, ओळखलं, तोंडभर हसली.

"थांबत न्हाई वैनी, भोंगा व्हईल!"

आणि घंटी वाजवत बाजूनं निघून गेली. मी खिडकीतून मान काढून मागे बघत राहिले. कॅरिअरवर कुणी नव्हतं. रस्ता सरळ होता, वारा नव्हता, तरी ती अजूनही एका बाजूला अंग झुकवूनच सायकल चालवत होती.